अंकांचे अंतरंग – लेखांक ९ : हातच्याविना वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा अंकी संख्या नवापर्यंत चढते आणि आलेल्या पायऱ्यांनीच उतरते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थाननामांत तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी बसतो. शेवटचं ‘परार्ध’ तिथून एकच घर पुढे. १११११११११ चा, म्हणजे सलग नऊ एकांच्या संख्येचा, हा वर्ग.

पुष्कळदा याला अंकांची जादू म्हणून सोडून दिलं जातं. मला ते खटकतं, कारण इथलं कारण शाळेतल्या उभ्या गुणाकारात स्वच्छ दिसतं. नऊ एकांची तीच ओळ नऊ वेळा मांडायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग बेरीज. एककाच्या रकान्यात एकच १ येतो, दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या तीन. मधोमध सगळ्या नऊ ओळी भेटतात, नंतर एकेक ओळ संपत जाते. कुठल्याही रकान्याची बेरीज नवापलीकडे जात नाही, म्हणून हातचा धरावाच लागत नाही. ज्या रकान्यात जितक्या ओळी, तितका अंक.

१, १२१, १२३२१ या कुळाला नाव दिलं ते देवळालीत राहून शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६). जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीला, त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. म्हणून त्या ‘डेम्लो संख्या’. कापरेकर म्हटलं की लोकांना ६१७४ आठवतो. डेम्लो संख्यांचीही तितकीच आठवण राहायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आता अवयव पाहू. १११११११११ = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. ३७ आणि ३३३६६७ दोन्ही मूळ संख्या. तेव्हा वर्गात ३ चार वेळा येतो, ३७ आणि ३३३६६७ दोनदोनदा; एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. अंकांची बेरीज ८१, तोही नवाचा वर्ग.

एक १ वाढवला की मात्र डौल मोडतो. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा ओळी आल्या, तिथे शून्य राहून हातचा एक डावीकडच्या नवाला मिळाला. त्याचेही दहा झाले. पुन्हा हातचा एक, आणि आठाचा नऊ झाला. डाव्या अंगाचा ८ असा गेला.

हाच ८ आणखी एका ठिकाणी सापडत नाही. १ ला ८१ ने भागा : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… सातानंतर थेट नऊ. कारणही तेच. एक नवमांश म्हणजे ०.१११११…, आणि त्याचा वर्ग एक एक्याऐंशांश. इथे एक कधी संपतच नाहीत, त्यामुळे दहावा रकाना येणारच आणि त्याचा हातचा आधी नवाला, मग आठाला गाठणारच. अकरा एकांचा वर्ग कागदावर मांडून पाहा. ८ कुठे जातो ते आता तुम्हाला बेरजेआधीच सांगता येईल.