विकरावरचा आळ

1968 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकेल ब्राऊन या तरुण डॉक्टरांनी दोन भावंडं पाहिली. बहीण सहा वर्षांची, भाऊ आठ वर्षांचा. मोठ्यांच्या लिपिड प्रोफाइलमध्ये दोनशेच्या आत हवं असं सांगतात ते कोलेस्टेरॉल या मुलांच्या रक्तात हजाराच्या घरात होतं. आजार आनुवंशिक, सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलेलं.

पेशीतलं कोलेस्टेरॉल किती बनवायचं हे एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं विकर ठरवतं. तेच बिघडलं असणार, असा दोघांचा तर्क. पुढे डॅलसमध्ये त्यांनी त्वचेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. निरोगी पेशींना बाहेरून एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण मिळाले, की विकर मंदावायचं. रुग्णाच्या पेशींत मात्र ते कितीही एलडीएल घातलं तरी बेफाम चालूच. आळ पक्का झाल्यासारखा वाटला.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली, आणि मला या सगळ्या कहाणीत तीच सर्वांत सुंदर वाटते. कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट बशीत घातलं. रुग्णाच्या पेशींतलं विकरही निमूटपणे शांत झालं! म्हणजे विकर धडधाकट होतं. निरोपच आत पोचत नव्हता. एलडीएलला धरून आत घेणारा ग्राही, पेशीच्या दारावरचा राखणदार, जागेवर नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी होता होता टळली. 1985 चं नोबेल या कामासाठी मिळालं.

डॅलसमधले हे प्रयोग चालू होते त्याच सुमारास जपानमध्ये अकिरा एंडो हजारो बुरशा तपासत होते. तांदळावरच्या एका बुरशीत त्यांना हे विकर अडवणारं पहिलं स्टॅटिन सापडलं. स्टॅटिनचा खरा फायदा पुढेच आहे : आतलं उत्पादन घटलं की यकृताच्या पेशी दारावर जास्त ग्राही उभे करतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. एकाच पालकाकडून दोष आलेले लोक काही शेकड्यांत एक असतात. त्यांचा निम्मा पहारा शाबूत असल्याने गोळी लागू पडते. घरात कुणाला चाळिशीतच हृदयविकाराचा झटका आला असेल, तर मुलांचंही रक्त तपासून घ्यावं.

पण ज्यांच्याकडे ग्राहीच नाहीत, त्यांना या गोळीचा फारसा उपयोग नाही. 1984 मध्ये पिट्सबर्गला अशाच एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयाबरोबर नवं यकृतही बसवलं. नव्या यकृताला ग्राही होते. तिचं हजारापलीकडचं कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं.