ऑपरेशन पोटाचं, मेहनत श्वासाची

फेब्रुवारी २०१७मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईत चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आणलं आणि वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा घराघरांत पोचली. किती किलो उतरले, हे सगळ्यांनी विचारलं. ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस कसे जातात, हे मात्र आजही पेशंटला आधी कुणी नीट सांगत नाही.

ही शस्त्रक्रिया सहसा दुर्बिणीतून होते; तीत कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. थोडा वायू मागे उरतो, श्वासपटलाला त्रास देतो; त्याची नस मानेतून येत असल्यानं दुखतो मात्र खांदा. पेशंट हार्टच्या शंकेनं घाबरतो, घरचे ‘गॅस धरलाय’ म्हणत ओव्याचं पाणी पुढे करतात. हा गॅस आतड्यात नसतोच. तो रक्तात मिसळून उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. वॉर्डात हळूहळू फेऱ्या माराव्यात, सावकाश खोल श्वास घ्यावा, बरं वाटतं.

खरी काळजी फुफ्फुसांची. टाके ओढतात म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, पोटाच्या भारानं श्वासपटल आधीच दबलेलं असतं. फुफ्फुसांचा तळ मिटतो, कफ साचतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणूनच उशाशी तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र ठेवलेलं असतं. कितीतरी जण त्यात जोरानं फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं! टेकून ताठ बसा, नळीभोवती ओठ घट्ट मिटा, हळूहळू श्वास आत घेत चेंडू वर उचला, तीन-चार सेकंद थांबा, सोडा. जागं असताना दर तासाला दहा वेळा. गरगरलं तर विसावा घ्या. खोकताना पोटावर उशी घट्ट धरा. टाक्यांना आधार मिळतो.

आपल्याकडे पोट म्हटलं की कपालभाती आठवते. सैफीपासून जवळच, मरीन ड्राइव्हवर कैवल्यधाम या योगसंस्थेचं केंद्र आहे. १९२४मध्ये लोणावळ्यात ही संस्था उभारणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. तीच शिस्त इथे हवी. कपालभाती, भस्त्रिकेच्या झटक्यांनी पोटातला दाब वाढतो. सर्जन परवानगी देईपर्यंत त्या बंदच ठेवा.

खांदेदुखी सहसा काही दिवसांत ओसरते. पण दम लागला, नाडी सतत जोरात चालली, ताप चढला, पोटदुखी वाढत गेली किंवा एकाच पोटरीला सूज आली, तर व्यायाम करत बसू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.