संत्र्याच्या धंद्यातील छोट्या सुधारणा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या या मराठीभाषक पट्ट्यात नागपुरी संत्र्याच्या बागा आहेत. इथले फळ शेडमध्ये निवडले जाते, कॅरेट किंवा पेटीत भरून दूरच्या मंडीत जाते. वाटेत ते किती टिकेल, हे बरेचसे तोडणी आणि हाताळणीत ठरते. पण नेमक्या याच टप्प्यांवर काही चुकीच्या समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज: सुधारणा करायची तर मोठे मशीन लागते.
वस्तुस्थिती: पहिली सुधारणा साध्या कात्रीची आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. फळ ओढून तोडले की देठाजवळची साल उपटून निघते आणि तिथे भोक पडते. हिरव्या बुरशीला शिरायला एवढी वाट पुरते. आधी ओलसर मऊ डाग दिसतो, मग त्यावर पांढरा थर येतो आणि शेवटी हिरवी भुकटी जमते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीज. ते शेजारच्या फळांवर पसरते. म्हणून देठ दोनदा कापावा. पहिल्यांदा फांदीपासून फळ सोडवावे, दुसऱ्यांदा उरलेला देठ फळालगत कापावा. देठ लांब राहिला तर पेटीतल्या दुसऱ्या फळाला टोचतो आणि तिथून नवी सड सुरू होते.

गैरसमज: पहाटे दवात तोडलेले फळ जास्त टिकते.
वस्तुस्थिती: दवाने भिजलेली साल पाण्याने टम्म झालेली असते. थोडा दाब पडला तरी सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि पुढे त्या जागी डाग पडतात. दव वाळल्यावर तोड सुरू करावी आणि तोडलेला माल लगेच सावलीत हलवावा. यासाठी खर्च काहीच नाही, फक्त कामाची वेळ बदलावी लागते.

गैरसमज: फळ धुतले म्हणजे स्वच्छ झाले.
वस्तुस्थिती: दिवसभर एकाच टाक्यात धुतले तर एका सडक्या फळाचे बुरशीचे बीज सगळ्या मालाला लागते. सडके फळ टाक्यात जाण्याआधीच वेगळे काढावे, पाणी वेळोवेळी बदलावे आणि त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन घालावे.

गैरसमज: मेणाचा थर आणि कडक थंडी दिली की कसलाही माल टिकतो.
वस्तुस्थिती: मेण फळातले पाणी उडण्याचा वेग कमी करते, पण जखम भरून काढत नाही. थर जाड झाला तर फळाचा श्वास कोंडतो आणि चव बिघडते. थंडीचेही तसेच आहे. नागपुरी संत्र्याला साधारण ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याखाली फार काळ ठेवले तर थंडीनेच फळ खराब होते. प्रमाण ठरवताना नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा. ती आपल्या जवळच आहे.

गैरसमज: नोंदी ठेवणे हे मोठ्या कंपन्यांचे काम.
वस्तुस्थिती: जपानच्या टोयोटा कंपनीने १९५१ मध्ये कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत सुरू केली. कामातली अडचण काम करणाऱ्याच्या हाताला आधी कळते, हा विचार शेडलाही लागू पडतो. ती अडचण आकड्यांत दिसावी म्हणून नोंदी हव्यात. कोणत्या बागेचा माल, कोणत्या टोळीने तोडला आणि निवडताना किती किलो बाद झाला, एवढे तीन रकाने वहीत पुरेत. समजा १० टन मालात सड ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, तर ३०० किलो संत्री वाचली. वही नसेल तर हे ३०० किलो कोणत्या बदलामुळे वाचले, हे कधीच कळणार नाही.

सगळे एकदम बदलू नका. येत्या आंबिया बहारात आधी कात्री आणि वही एवढेच सुरू करा. तोडणाऱ्या मजुरांना नगावर मजुरी असेल तर कात्रीने लागणाऱ्या जास्त वेळाचे पैसे द्या, नाहीतर कात्री खिशात राहील आणि फळ ओढूनच तुटेल. हंगामाच्या शेवटी वहीतले आकडे मजुरांसमोर वाचून दाखवा आणि पुढची सुधारणा त्यांनाच विचारा.