संगणकीय पाठांतील अक्षरांचे मान

सन २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या व्यवसायातील निरंतर शिक्षणाचा बराचसा भाग सभागृहातून संगणकाच्या पडद्यावर आला. चिकित्सकांसाठी व्याख्यानांचे पाठ, तसेच औषधी-विक्री केंद्रांतील सेवकवर्गास कल्पांची ओळख करून देणारे पाठ आता अनेक ठिकाणी तयार होतात. त्यासाठी पॉवरपॉइंट आणि त्यापुढची पायरी म्हणून आर्टिक्युलेट कंपनीचे स्टोरीलाइन किंवा अडोबी कंपनीचे कॅप्टिव्हेट ही पाठरचनेची सॉफ्टवेअरे वापरली जातात. असे पाठ पाहताना एक दोष आम्हांस वारंवार आढळतो. एका स्लाइडवर अक्षरे ठसठशीत असतात, पुढच्या स्लाइडवर ती एकाएकी बारीक होतात आणि तिसरीवर पुन्हा मोठी होतात. पाठ करणाऱ्याने असे ठरवून केलेले नसते. हा दोष केवळ दिसण्यापुरता असता, तर या नियतकालिकाची पाने आम्ही त्यासाठी अडविली नसती.

त्रिभुवनकीर्ति रसावरील एका पाठाची कल्पना करावी. पहिल्या स्लाइडवर नाव व रोगाधिकार, दुसरीवर घटकद्रव्ये, तिसरीवर तुलसी, आर्द्रक व धत्तूर यांच्या भावना आणि चौथीवर मात्रा, अनुपान, गर्भिणी, बालक व हृद्रोगी यांच्याविषयीची सावधानता. यांपैकी मजकूर सर्वांत अधिक कोठे असणार? अर्थातच चौथ्या स्लाइडवर. सॉफ्टवेअरचा मूळ स्वभाव असा, की चौकटीत मजकूर मावेनासा झाला की ते अक्षरे लहान करून तो मावविते. परिणामी नावाची स्लाइड दुरूनही वाचता येते आणि सावधानतेची स्लाइड चाळिशी लावलेल्या माणसालाही डोळे बारीक करून वाचावी लागते. औषधी व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'ई (१)' अनुसूचीत वत्सनाभ, धत्तूर व हिंगूळ यांचा समावेश आहे. अशी द्रव्ये असलेल्या अंतर्सेवनाच्या सिद्ध औषधाच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, ही सूचना इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत छापणे नियम १६१ अन्वये बंधनकारक आहे. जे वेष्टनावर ठळक असावे असा आपला आग्रह असतो, तेच सेवकवर्गाच्या पाठात सर्वांत बारीक व्हावे, ही विसंगती नव्हे काय?

या आपोआप आक्रसण्याला पॉवरपॉइंटमध्ये 'ऑटोफिट' म्हणतात. 'फॉरमॅट शेप'मधील 'टेक्स्ट बॉक्स' या भागात त्याचे तीन पर्याय दिसतात: आकार मुळीच न जुळविणे, मजकूर वाहू लागल्यास अक्षरे लहान करणे, अथवा मजकुराप्रमाणे चौकट वाढविणे. स्टोरीलाइनमध्येही हेच तीन पर्याय आहेत. दुसरा पर्याय चालू असता सॉफ्टवेअर अक्षरांबरोबर ओळींमधील अंतरही कमी करते. रोमन लिपीला ते एक वेळ सोसते. देवनागरीला सोसत नाही. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत व मात्रांत शिरतात आणि 'कृष्ण', 'कुष्ठ' यांसारखे जोडाक्षरांचे शब्द एकमेकांत गुंततात. (मात्रा हा शब्द आपल्याकडे औषधालाही लागतो आणि अक्षरालाही, येथे दोहोंतही घोटाळा संभवतो.)

म्हणून आमचे पहिले व मुख्य सांगणे असे की, अक्षरांचा आकार प्रत्येक स्लाइडवर ठरवू नये, तो एकाच ठिकाणी ठरवावा. हे ठिकाण म्हणजे 'स्लाइड मास्टर'. तो 'व्ह्यू' या विभागात सापडतो. तेथे शीर्षक, मुख्य मजकूर व टीप यांच्या चौकटींचे आकार ठरवून द्यावेत आणि ऑटोफिट तेथेच बंद करावे. ९६० बाय ५४० मापाच्या स्लाइडसाठी आम्ही शीर्षकास ३२, मजकुरास २४ व टीपेस २० असे मान वापरतो आणि २० च्या खाली जात नाही. स्टोरीलाइन ३६० मध्ये याखेरीज शीर्षक, साधा मजकूर इत्यादींच्या 'टेक्स्ट स्टाइल्स' ठरविता येतात, कॅप्टिव्हेटच्या २०१९ पर्यंतच्या आवृत्त्यांत 'ऑब्जेक्ट स्टाइल मॅनेजर' हेच काम करतो. साधन कोणतेही असो, पाठ निम्मा झाल्यावर मास्टर करावयास घेऊ नये. आधी मास्टर, मग मजकूर.

मास्टर ठरवूनही आकार का बदलतात, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. मास्टरने दिलेल्या चौकटीऐवजी स्लाइडवर स्वतःच नवी चौकट काढून त्यात मजकूर भरला जातो. अशी चौकट मास्टरच्या मजकूर-चौकटीला बांधील नसते. वर्डमधून मजकूर उचलून चिकटविला, की तो आपला मूळचा आकारही बरोबर घेऊन येतो. त्यासाठी चिकटविताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' हा पर्याय निवडावा. एका मापाच्या पाठातील स्लाइड दुसऱ्या मापाच्या पाठात आणल्यास ती नव्या मापाला जुळविली जाते आणि तिच्याबरोबर अक्षरेही बदलतात, म्हणून माप कामाच्या आरंभीच निश्चित असावे. ग्रंथाचे पान छायांकित करून घातलेला श्लोक किंवा मात्रेचा तक्ता तर निव्वळ चित्र असते. चित्र ओढून लहान केले की अक्षरेही लहान होतात आणि कोणताही मास्टर त्यांना वळण लावू शकत नाही. असे तक्ते पुन्हा टंकित करण्याचे कष्ट घ्यावेतच.

मात्र आकड्यांचे मान जुळले तरी डोळ्यांचे मान जुळेल असे नाही. शार्ङ्गधराने मागध व कालिंग अशी दोन माने सांगितली आहेत. नाव तेच, पण कोणत्या मानाने मोजले हे ठाऊक नसेल तर तोल चुकतो. अक्षरांचेही तसेच आहे. कोकिळा किंवा अपराजिता या फॉन्टचे २४ आणि मंगल या फॉन्टचे २४ शेजारी ठेवून पाहावेत. कोकिळाचे अक्षर स्पष्टपणे लहान दिसते. देवनागरी फॉन्टला शिरोरेषेच्या वर व अक्षराच्या खाली मात्रांसाठी जागा राखावी लागते, ती कोणी किती राखली यावर उरलेल्या अक्षराचा आकार अवलंबून असतो. यातही एक आडवळण आहे. ज्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत असा फॉन्ट निवडला, तर संगणक आपल्या मर्जीने दुसरा फॉन्ट योजतो. जुन्या विंडोजवर तो मंगल असे, विंडोज ८ पासून निर्मला यूआय आला आणि विंडोज १० मध्ये मंगल हा वेगळा मागवून घ्यावा लागणाऱ्या पूरक फॉन्टांत गेला. एकच पाठ एका यंत्रावर नीट आणि दुसऱ्या यंत्रावर विस्कटलेला दिसतो, त्याचे हे एक कारण. आमचा कल मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारख्या मोफत मिळणाऱ्या युनिकोड फॉन्टकडे आहे. दोहोंतही देवनागरी व रोमन एकत्र बेतलेली सापडते, त्यामुळे औषधाच्या नावाशेजारी इंग्रजी संज्ञा आली तरी ओळ वेडीवाकडी दिसत नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मात्र प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करून, ओळ न् ओळ तपासूनच वापरावा. रूपांतरात आकडे व रफार दगा देतात आणि मात्रेच्या आकड्यातील दगा परवडणारा नसतो.

आता ऑटोफिट बंद केल्यावर मजकूर चौकटीबाहेर सांडेल, त्याचे काय करावयाचे? सांडू द्यावा; तो सांडला म्हणजे स्लाइडवर भार अधिक झाला, एवढे ते निदान समजावे. उपाय स्लाइड दोन करण्याचा. २४ च्या अक्षरांत आठ ओळींहून अधिक मजकूर झाला, की आम्ही दुसरी स्लाइड घेतो. श्लोकांची भीती बाळगू नये. स्रग्धरेचा २१ अक्षरांचा चरणही या मानाने एका ओळीत सहज मावतो. अडचण होते ती श्लोकाखाली अन्वय, अर्थ आणि टीकाकाराचे मत हे सारे एकाच ठिकाणी कोंबल्यामुळे. काही रचनाकार जास्तीचा मजकूर बटण दाबल्यावर उघडणाऱ्या थरात ठेवतात. पाठभेद, संदर्भ यांसाठी ही सोय उत्तम आहे, पण मात्रा व सावधानता त्या थरात ठेवण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. बटण दाबणे अध्यायीच्या इच्छेवर असते.

विक्री केंद्रातील सेवक हा पाठ बहुधा दुपारच्या निवांत वेळी मोबाइलवर पाहतो, हेही ध्यानी घ्यावे. उभ्या धरलेल्या फोनचा पडदा ३६० एकके रुंद धरला, तर ९६० एककांची स्लाइड आठास तीन या प्रमाणात आक्रसते. २४ चे अक्षर ९ चे होते आणि १४ चे अक्षर सव्वापाचाचे. फोन आडवा धरण्याची सूचना पहिल्याच स्लाइडवर द्यावी. बहुतेक सर्व अध्यायी फोनवरच पाहणार असतील, तर स्टोरीलाइनऐवजी आर्टिक्युलेटचेच राइज विचारात घ्यावे. त्यात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडला जातो, स्लाइडसारखा चेपला जात नाही.

पूर्वी तयार झालेले पाठ टाकून देण्याचे कारण नाही. पॉवरपॉइंटमध्ये चौकटीतील सर्व मजकूर निवडला असता आकाराच्या रकान्यात अंकापुढे अधिकचे चिन्ह दिसले, तर त्या मजकुरात एकाहून अधिक आकार मिसळले आहेत असे समजावे. 'रीसेट' या आज्ञेने हाताने केलेले फेरफार पुसले जाऊन मांडणी मास्टरप्रमाणे होते. हेतुपुरस्सर दिलेला रंग व ठळकपणाही त्यात जाऊ शकतो, म्हणून मूळ धारिकेची प्रत आधी काढून ठेवावी. त्यानंतर 'स्लाइड सॉर्टर'मध्ये सर्व स्लाइड एकत्र पाहाव्यात. बारीक अक्षरांची स्लाइड तेथे चटकन डोळ्यांत भरते. ज्या औषधालय-चालकांनी हे काम बाहेरच्या कारागिराकडे सोपविले आहे, त्यांनी कामाच्या पत्रातच फॉन्टचे नाव, तीन आकार, स्लाइडचे माप आणि ऑटोफिट बंद ठेवण्याची अट लिहावी, व पैसे चुकते करण्यापूर्वी मात्रेची स्लाइड स्वतःच्या फोनवर उघडून वाचावी.