माजी सैनिकांचे अपंगत्व आणि अपील

नळदुर्गच्या माझ्या दवाखान्यात अधूनमधून एखादे माजी सैनिक जुनी फाईल घेऊन येतात. "डॉक्टरसाहेब, फिट नोकरीतच सुरू झाली, मग पेन्शन का नाकारली?" उत्तर बहुधा त्या फाईलमध्येच, वैद्यकीय मंडळाच्या कागदावर असते.

सैन्यातून सोडताना हे मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवते आणि ते सेवेमुळे आले किंवा बळावले काय, तेही लिहिते. किमान 20 टक्के लागतात. पण घोडे अडते ते दुसऱ्या मुद्द्यावर.

धरमवीर सिंग 1985 साली भरती झाले. 1994 मध्ये फिटच्या आजारामुळे 20 टक्के अपंगत्व ठरवून त्यांना सोडले. मंडळाने 'सेवेशी संबंध नाही' असे लिहिले, कारण मात्र दिले नाही. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असे धरावे, उलट सिद्ध करणे सरकारचे काम. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत.

नकाराचे पत्र आल्यावर सहा महिन्यांत पहिले अपील करावे, मग दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. तेथे माझ्या आजच्या दाखल्यापेक्षा भरतीची तपासणी आणि लष्करी रुग्णालयाचे कागद वजनदार ठरतात. अर्जासाठी धाराशिवचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

टक्केवारी वाढेल म्हणून एका गृहस्थांनी गोळ्याच बंद केल्या होत्या. आठवड्यात त्यांना चुलीजवळ फिट आली, हात भाजला. वाचकहो, अपील चालू असले तरी गोळी चुकवू नका.