ओढ्यात पाणी आहे, मग मासा का नाही?

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला, की आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील वाड्यावस्त्यांवरची माणसे रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्याकडे निघतात. चढणीचे मासे धरायला! गढूळ पाण्याचा लोंढा डोंगरावरून खाली येत असतो आणि मासे त्याच्या उलट वर चढत असतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात आणि तिथून थेट भाताच्या खाचरात. एवढी ताकद खर्च करून मासा प्रवाहाविरुद्ध का जातो, हा प्रश्न वर्गात जरूर विचारून पाहावा. नव्या पाण्याखाली आलेल्या उथळ जागेत सूक्ष्मजीव भराभर वाढतात, म्हणजे पिल्लांना खाणे भरपूर. शिवाय त्यांना गिळणारे मोठे मासे तिथे क्वचितच पोहोचतात. चढण म्हणजे माशांच्या बाळंतपणाची वाट.

आता हेच पाणी खाली कुठे जाते ते पाहू. जुन्नर शहर कुकडीच्या खोऱ्यात, नारायणगाव मीनेच्या काठी, घोडेगाव घोड नदीच्या काठी. (मीन म्हणजे मासा हे खरे, पण नदीच्या नावाचा माशाशी संबंध आहे असे माझे म्हणणे नाही.) कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे ह्याच खोऱ्यांत आहेत. आवर्तनाचे पाणी आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ह्यांमुळे पूर्वी उन्हाळ्यात कोरडी पडणारी कित्येक पात्रे आता भरलेली दिसतात. म्हणजे माशांची चंगळ व्हायला हवी. पण गावाजवळच्या पात्रात गळ टाकला तर बहुधा चिलापीच लागते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गावाने आपला ओढा ‘स्वच्छ’ केला. पोकलेन लावून पात्र सरळ आणि खोल केले, दगडगोटे उचलले, काठची झुडपे काढली. पावसाळ्यात तिथे मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम ठरला आणि मला पाहुणी म्हणून बोलावले. मी गेले, घमेल्यातली बोटभर पिल्ले पाण्यात सोडली, टाळ्या झाल्या. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा त्या वाटेने जाणे झाले तेव्हा पाणी हिरवे आणि दाट होते. जाळे टाकून पाहिले तर फक्त चिलापी. माझा विषय जलजीवशास्त्र. पिल्ले सोडण्याआधी पात्राचा तळ पाहायला हवा होता, आणि तो मी पाहिला नव्हता.

तळ का पाहायचा? त्यासाठी एका लहानशा माशाची ओळख करून घेऊ. त्याचे शास्त्रीय नाव ‘गारा मुल्या’. कर्नल साईक्स ह्यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा अनेक माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. ‘मुल्या’ त्यातलेच. ‘टॉर खुद्री’ ह्या महाशीरातले ‘खुद्री’ आणि ‘हिप्सेलोबार्बस कोलुस’ ह्यातला ‘कोलुस’, म्हणजे आपला कोळस, हीदेखील तशीच. जगभरच्या ग्रंथांत ही मराठी नावे लॅटिनच्या वेषात वावरतात.

मुल्याचे तोंड डोक्याच्या खालच्या बाजूला असते आणि खालच्या ओठामागे एक मांसल चकती असते. ह्या चकतीने तो दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याचा शेजारी ग्लिप्टोथोरॅक्स. त्याच्या छातीवर कातडीच्या घड्या असतात आणि त्या घड्यांच्या जोरावर तो धावत्या पाण्यात दगड धरून बसतो. मुऱ्या तर दगडांच्या फटीतच राहतात. दगडांखालच्या किड्यांच्या अळ्या हे त्यांचे अन्न. ह्या तिघांच्या लेखी दगड म्हणजे घर, ताट आणि पाळणा. पोकलेनने दगड उचलले, तेव्हा आपल्या दृष्टीने ओढा साफ झाला. त्यांच्या दृष्टीने गाव उठले.

मोठ्या माशांची गरज वेगळी असते. उन्हाळ्यात महाशीर आणि कोळस खोल डोहाचा आश्रय घेतात. कुकडीवरचे निघोजचे रांजणखळगे पाहायला सहली जातात. वाळू-गोटे भोवऱ्यात फिरून कातळ कसा कोरला जातो हे तिथे उत्तम दिसते. तशाच लहानमोठ्या खळग्यांत आणि डोहांत, नदी आटली तरी पुढच्या पावसापर्यंत मासे तग धरतात. म्हणजे निरोगी ओढ्यात खळखळणारा उथळ भाग, त्याखाली डोह, पुन्हा उथळ भाग अशी साखळी लागते. सरळ, एकसारख्या खोल चरात लिटरांच्या हिशेबाने पाणी जास्त मावते, पण राहण्याच्या जागा एकाच प्रकारच्या उरतात. २०१४-१५ पासून जलयुक्त शिवार अभियानात ओढ्यांचे रुंदीकरण-खोलीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. विहिरींना पाणी हवे, हा हेतू रास्तच आहे आणि शेतकऱ्याला त्यासाठी दोष देता येणार नाही. गाळ जरूर काढावा. पण खळखळाटाचे टप्पे आणि काठची उंबर-करंजाची झाडे सोडून काढता येतो, एवढेच माझे म्हणणे.

खळखळाटाचे आणखी एक काम आहे. पाणी दगडांवर आपटते तेव्हा त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आधीच तुटपुंजा साठा आणि तोही उन्हात घटणारा! म्हणून काठची सावली हा शोभेचा भाग नाही. त्यात गावाचे सांडपाणी आले, की त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जीवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात. सांडपाण्यातून आणि शेतांतून आलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते. हे शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्री सगळ्यांबरोबर स्वतःही श्वसन करते. म्हणून दुपारी घेतलेला पाण्याचा नमुना फसवतो. खरी परीक्षा पहाटे. बहुतेक माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असला तर बरे वाटते, दोनाच्या खाली गेला की ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागतात. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, चिलापी कमी ऑक्सिजनवर निभावते. मुल्या आणि ग्लिप्टोथोरॅक्स मात्र राहू शकत नाहीत. मासेमाराच्या टोपलीत नुसती चिलापी दिसली, की प्रयोगशाळेत न जाताही पाण्याचे निदान झाले म्हणायला हरकत नाही.

मग मत्स्यबीज सोडून ही उणीव भरून काढता येईल का? ह्याबाबत आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्री महाशीराची कृत्रिम पैदास झाली. मेहनतीचे, नावाजण्यासारखे काम. तिथली पिल्ले कावेरीतही सोडली गेली. तिथे ती फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महाशीर हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली पक्की झाली (‘टॉर रेमादेवी’), आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्तांच्या यादीत झाली. भीमेच्या खोऱ्यात जो मासा घरचा, तो कावेरीत उपरा ठरला. लंडनची थेम्स नदी १९५७ साली जैविक दृष्ट्या मृत ठरवली गेली होती. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया होऊ लागल्यावर तिथे माशांच्या अनेक जाती आपल्या पायांनी (म्हणजे परांनी!) परत आल्या.

परत यायला वाट मात्र मोकळी हवी. धरणाची भिंत मासा चढू शकत नाही, पण खालच्या बंधाऱ्यांचे काय? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपताना ढापे बसवतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढतात. ते वेळेवर निघाले तर चढणीला दरवाजा उघडा मिळतो. जूनच्या अखेरीपर्यंत तसेच राहिले, तर त्या साली त्या मासळीचे बाळंतपण हुकले. ह्याला एक रुपयाही जादा लागत नाही, नुसती तारीख पाळायची. ग्रामसभेत विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आपल्याकडे राखीव डोहांची रीतही जुनी आहे. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेत आणि महाडजवळ वाळणकोंडीला देवाच्या नावाने मासे राखले जातात. तिथे हातभर लांबीचे महाशीर काठाशी येतात. एक डोह सोडला तर बाकी नदीत मासेमारी चालतेच, म्हणजे ह्या रीतीत कोणाच्या पोटावर पाय येत नाही.

शाळेला काय करता येईल? राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला पुष्कळ शाळा जातात. त्या सहलीत नारायणगावला मीनेकाठी एखादा तास काढावा. आवर्तन सुटलेले असेल तर पात्रात मुळीच उतरू नये. नसेल, तर काठालगत दहा मीटर दोरी ताणून संत्र्याची साल सोडावी आणि तिला लागणारे सेकंद मोजावेत. हेच काठाशी, मध्यभागी, दगडांमागे, शक्य तितक्या ठिकाणी करावे आणि काठीने खोलीही मोजावी. सरासरी काढण्याची घाई करू नका. वेगवेगळे आकडे किती आले तेच इथे महत्त्वाचे. सगळीकडे सारखाच आकडा आला तर तो ओढा राहिला नाही, चर झाला. कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विंकलर पद्धतीने ऑक्सिजन मोजता येतो; गावातल्याच दोन विद्यार्थ्यांनी मोठ्या माणसाच्या सोबतीने एक बाटली दुपारी आणि एक पहाटे भरावी, आणि मँगनीज सल्फेट व क्षारीय आयोडाइड जागेवरच घालावे. गावाच्या वर एक आणि खाली एक अशी दोन ठिकाणे घेतली तर आलेख स्वतःच बोलू लागतो.

शेवटी एक-दोन दगड उचलून खालची बाजू पाहावी. तीन शेपट्यांची मेफ्लायची अळी किंवा वाळूकणांची नळी करून राहणारी कॅडिसची अळी दिसली तर पाणी अजून बरे आहे. पाहून झाले की दगड होता तिथेच, होता त्याच बाजूने हळूच परत ठेवावा. त्याच्या पोटाशी अंडी चिकटलेली असू शकतात.