‘ताकद’ म्हणजे काय? : मोटारसायकलच्या इंजिनाचे मापन आणि त्याची परिभाषा

पुण्यातील दुचाकीच्या कारागिरांच्या बोलीत इंजिनाच्या गुणावगुणांविषयी ‘पिकअप’ आणि ‘टॉप स्पीड’ असे दोन निरनिराळे शब्द वावरतात. सुशिक्षित ग्राहक मात्र दोहोंच्या जागी ‘ताकद’ हा एकच शब्द योजतो. आणि सायलेन्सर बदलल्यावर ‘ताकद वाढली’ असा छापील आलेख हाती आला की समाधान पावतो. पैसे खर्चून वाढले ते नेमके काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टला फिरविणारा जो जोर, त्यास टॉर्क म्हणतात. परिभाषेत त्यासाठी ‘आघूर्ण’ हा शब्द आहे. येथे ‘पीळ’ हा घरचाच शब्द योजला आहे, कारण दोर वळणाऱ्यास तो समजावून द्यावा लागत नाही. शक्ती ही याहून भिन्न राशी होय. न्यूटन-मीटरमधील पिळास दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागिले असता किलोवॉटमधील शक्ती मिळते. या दोहोंची शिखरे एका ठिकाणी नसतात. बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात तयार झालेल्या व २०१३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या केटीएम ३९० ड्यूकचा महत्तम पीळ ७२५० फेऱ्यांवर ३५ न्यूटन-मीटर, तर महत्तम शक्ती ९५०० फेऱ्यांवर सुमारे ३२ किलोवॉट अशी जाहीर झाली होती. गणित केल्यास पहिल्या ठिकाणी शक्ती २६.६ किलोवॉटच भरते, तर दुसऱ्या ठिकाणी पीळ ३२.२ न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेला असतो. पीळ घटत असताही शक्ती चढते, कारण फेरे त्याहून त्वरेने वाढतात.

‘डायनॅमोमीटर’ या नावाचा व्युत्पत्त्यर्थ ‘शक्तिमापक’ असा आहे. परंतु हे यंत्र शक्ती मोजीत नाही. १८२१ मध्ये प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या दंडास घर्षणाचा ब्रेक लावून, तो रोखून धरण्यास तरफेच्या टोकाशी किती वजन लागते ते पाहिले. म्हणजे पीळच मोजला. आज प्रचलित असलेल्या एका प्रकारात मागचे चाक जड रुळावर ठेवून, एकाच गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण उघडून गाडी पळवितात. रुळाचे जडत्व ज्ञात असल्याने त्याच्या वेगवाढीवरून जोर काढता येतो. शक्तीचा आकडा नंतर गणिताने येतो. शिवाय गिअर, साखळी व टायर यांत काही भाग खर्ची पडत असल्याने चाकापाशी मिळालेला आकडा कंपनीने जाहीर केलेल्या क्रँकशाफ्टच्या आकड्याशी ताडून पाहणे व्यर्थ होय.

‘अश्वशक्ती’ या शब्दानेही घोटाळ्यात भर टाकली आहे. वॅटची अश्वशक्ती सुमारे ७४६ वॉटची, तर मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॉटची. मराठीत दोन्ही घोडे एकाच नावाने ओळखले जातात! ३२ किलोवॉट म्हणजे पहिल्या मापाने ४२.९ व दुसऱ्या मापाने ४३.५. यंत्रास हात न लावता आकडा वाढविण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय म्हणावा लागेल.

हवेचा प्रश्न याहून अवघड आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब पाचसहा टक्क्यांनी कमी असतो, आणि टर्बोविरहित इंजिनाची शक्तीही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. ही घट भरून काढणारा सुधारणा-गुणक यंत्राच्या संगणकात असतो. तो आधीच्या चाचणीत न लावता नंतरच्या चाचणीत लावला, तर सुधारणा आपोआप सिद्ध होते. म्हणून दोन्ही चाचण्या त्याच यंत्रावर, त्याच गिअरमध्ये, इंजिन सारखेच तापलेले असता व त्याच गुणकाने व्हाव्यात. प्रत्येकी किमान तीनदा व्हाव्यात. एकाच स्थितीतील तीन आकड्यांत जेवढा फरक पडतो, त्याहून लहान वाढ ही वाढ नव्हे.

महत्तम आकड्याकडेच पाहणे हेही पुरेसे नाही. मोकळा सायलेन्सर बसवून इंधनाचे प्रमाण त्यास अनुरूप जुळविले नाही, तर पुष्कळदा वरच्या फेऱ्यांत थोडे मिळते आणि मधल्या फेऱ्यांत गमावले जाते. शनिवार पेठेत ओंकारेश्वरापासून लक्ष्मी रस्त्याकडे निघालेल्या स्वारास नऊ हजार फेरे गाठण्याची संधीच मिळत नाही. त्याने आलेखावरील तीन ते पाच हजार फेऱ्यांमधली पिळाची रेषा आधीच्या रेषेवर ठेवून पाहावी. ती खाली आली असेल, तर कारागीर ‘पिकअप गेला’ म्हणतो, ते अचूक असते.